अण्णांनी सोडलेलं गोड

उत्तर कसबा, सोलापूर
१४ ऑक्टोबर १९७६

अण्णा,

वर ‘तीर्थस्वरूप’ लिहिलेलं नाही, हे तुमच्या आधी लक्षात येईल. तुम्ही पत्राचा मायना आधी वाचता आणि मजकूर मागाहून, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आज मायना नाही, एक प्रश्न आहे. त्याचं सरळ उत्तर आलं तर पुढच्या पत्रात दोनदा तीर्थस्वरूप लिहीन.

दुष्काळाच्या साली मी अक्कलकोटला माहेरी आले होते, तेव्हा माझ्या पाठीवर गळू झालं होतं. ते बरं होईना म्हणून तुम्ही मला तुमच्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी लघवी तपासायला घेतली. मग मला बाहेरच्या बाकावर बसवून तुम्ही एकटेच आत गेलात. बराच वेळ आत होता. बाहेर येऊन म्हणालात, “काय न्हाय, उष्णता हाय. ताक पी.” मी घरी येऊन ताक प्यायले. डॉक्टर आत तुम्हाला काय म्हणाले, एवढंच मला सांगा.

का विचारते तेही ऐका. नागपंचमी करून तुमच्याकडून परत आले आणि माझी खालची दाढ काढावी लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले होते, आठवड्याभरात खड्डा भरून येईल. आता दिवाळी तोंडावर आली तरी तो तसाच आहे. कडेनं पू येतो, आणि शेजारच्या दाढाही हलायला लागल्या आहेत. चौथीच्या वर्गाला कविता म्हणून दाखवायची तर मला तोंडावर पदर धरावा लागतो. पुढच्या रांगेतल्या मुली आपली बैठक मागे सरकवतात, ते मला दिसतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी माझी हिरडी दाबून पाहिली आणि विचारलं, “बाई, तुमची साखर कधी तपासली होती का?” मी म्हटलं, मला कसली साखर. त्यांनी तपासायला लावली. नळीतलं निळं औषध तापवल्यावर हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेच्या रंगावर जाऊन थांबलं. डॉक्टर म्हणाले, हा मधुमेह आजकालचा नाही. चार-पाच वर्षं अंगात असला पाहिजे, तेव्हा कुठे हिरड्यांची अशी दशा होते. चार-पाच वर्षं म्हटल्यावर मला तो दवाखान्यातला बाक आठवला.

आमचे हे म्हणतात, असं भावाला विचारू नये, त्याला वाईट वाटेल. मलाही विचारताना बरं वाटत नाही. तरी उत्तर द्या.

शरणम्मा


२ नोव्हेंबर १९७६

अण्णा,

पत्र मिळालं. दिवाळी कशी झाली ते कळलं. बाजारात गुळाची आवक कमी आहे ते कळलं. तुमच्या लेकीला, शिवम्माला, होटगीचं स्थळ सांगून आलंय आणि मुलगा रेल्वेत आहे तेही कळलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र पत्र उलटसुलट वाचूनही सापडलं नाही. शेवटी एक ओळ आहे, ‘मिश्री सोड, हिरड्या आपोआप सुधारतील.’

ती ओळ वाचून माझ्या अंगाची लाही झाली. मिश्री मी केव्हाच सोडली, आणि ती तुमच्यामुळेच सोडली. आठवतंय का? पंचमीची पंगत होती, मी पुरणाची होळिगे तोडली तर घासाला रक्त लागलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “मास्तरीण हाय, आन् तव्यावर तंबाखू भाजून दाताला लावती. हिरड्या सडतील न्हाय तर काय होईल?” चारचौघी हसल्या. सोलापूरला आल्याबरोबर मी मिश्रीची डबी उकिरड्यावर भिरकावली. रक्त तरी यायचं थांबलं नाही. पुढच्या पंचमीला तुम्ही पुन्हा तेच बोललात आणि मी चोरून लावते असं सगळ्यांनी धरून चाललं. वहिनींनी तर माझी पिशवी चाचपून पाहिली. मी ते हसण्यावारी नेलं. भाऊ बोलतो तो काळजीनंच, असं माझं मन मला सांगत होतं.

आता गुळाचं ऐका, कारण तो तुमच्या दुकानातला आहे. हिरड्या दुखायला लागल्यावर मला कडक भाकरी चावेना. मग आपल्याकडे करतात तेच मी केलं. गुळाचं पाणी करायचं, त्यात भाकरी कुस्करायची, वर तुपाची धार धरायची. आपली आई आजाऱ्याला आणि बाळंतिणीला हेच घालायची. मी रोज रात्री तेच जेवत होते. पोटाला थंड वाटायचं आणि चावावं लागायचं नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

ते म्हणाले, बाई, रक्तात साखर वाढली की हिरडीला आतून मिळायचं ते पोषण नीट मिळत नाही. रोगाशी लढायची तिची ताकद कमी पडते. दाताभोवती पू धरतो, आतलं हाड झिजतं, दात हलतो आणि काढला तर जखम भरत नाही. शिवाय तोंडात पू साठून राहिला की साखरही आटोक्यात येत नाही. दोन्ही एकमेकांना हात देत राहतात. म्हणजे दात हलतात म्हणून मी गूळपाणी घेत होते, आणि गूळपाण्यानं माझे दात आणखी हलत होते. आणि तुम्ही दर दिवाळीला न चुकता ढेप पाठवत होता.

यंदाचीही ढेप परवा आली. मी ती शाळेतल्या शिपाईबाईंना देऊन टाकली.

माझा प्रश्न अजून तिथेच आहे. डॉक्टर आत काय म्हणाले?

शरणम्मा


२१ नोव्हेंबर १९७६

अण्णा,

आता उत्तर द्यायची तसदी घेऊ नका. मला ते मिळालं.

वहिनी परवा लग्नाचं कापड बघायला सोलापूरला आल्या होत्या. उन्हातून आल्या म्हणून मी त्यांना आधी माठातलं पाणी दिलं. माझी इंजेक्शनची वेळ झाली होती. हे गिरणीतून आल्यावर सिरिंज उकळून ठेवतात आणि मला टोचतात. पहिल्या आठवड्यात माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरायचे, आता सरावले आहेत. वहिनींनी ते पाहिलं आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“यव्वा, तुमाला सुई लागली?” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांचं तर गोळीवर भागतंय की.”

मी विचारलं, “कुणाचं गोळीवर भागतंय?”

वहिनींना आपण काय बोलून गेलो ते कळलं, पण तोवर वेळ गेली होती. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग त्या रडायला लागल्या आणि रडता रडता सगळं बोलल्या. डॉक्टरांनी तुम्हाला त्या दिवशी आत सांगितलं की तुमच्या बहिणीला मधुमेह आहे, तिचं गोड बंद करा, आणि हा आजार घराण्यातून येतो तेव्हा तुमचीही तपासणी करून घ्या. तुम्ही दुसऱ्याच दिवशी तुमची तपासणी करून घेतलीत. तुमच्यातही निघाला. माझ्या पाठीवरच्या गळवानं तुमचा आजार वेळेवर कळला, अण्णा.

आणि मग तुम्ही नवस बोललात. शिवम्माचं लग्न होईपर्यंत गोड खाणार नाही, सिद्धरामेश्वराच्या नावानं. सगळ्या घराला तो नवस ठाऊक आहे. मी शाळेतल्या बायकांना कौतुकानं सांगायची की माझा भाऊ स्वतः गूळ विकतो पण लेकीच्या लग्नासाठी गुळाचा खडा तोंडात टाकत नाही. पंगतीत तुमच्या ताटात भाकरी आणि मटकी असायची, आणि तुम्ही उठून माझ्या ताटात दुसरी होळिगे वाढायचा. वर तूप. “खा की, माहेरी आलीयास,” म्हणायचा. मी तुमच्या ताटाकडे बघायची आणि माझे डोळे भरून यायचे.

वहिनींचं पुढचं बोलणं ऐकून मात्र माझं रडूसुद्धा आटलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी मला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मला वाटलं तुमाला ठावं हाय. हे म्हनले, शरणम्माला सांगितलंय, ती ऐकत न्हाय. तिची जीभ आवरत न्हाय, आपन काय करनार? म्हनून मीबी कधी विषय काढला न्हाय. तुमाला वाईट वाटंल म्हनून.”

म्हणजे मला कळवलं नाहीत ते नाहीच, वर घरात माझी खादाड म्हणून बदनामी केलीत. मी होळिगे खात होते तेव्हा वहिनी माझ्याकडे अशा का बघायच्या, ते मला आता समजलं.

वहिनींना काही बोलू नका. त्यांनी मुद्दाम केलं नाही. बोललात तर मला कळेल.

शरणम्मा


१२ डिसेंबर १९७६

अण्णा,

तुमचं लांबलचक पत्र आलं. यात पहिल्यांदाच गुळाचा भाव नव्हता, म्हणून शेवटपर्यंत वाचलं.

तुम्ही लिहिता की माझी साखर तेव्हा थोडीच होती. डॉक्टर म्हणाले होते, खाण्यावर आवरेल. बरोबर आहे, आवरली असती. मला सांगितलं असतं तर मीच आवरली असती. मी काही खाण्यावाचून मरणारी बाई नाही. शाळेत डबा विसरला तर चहावर दिवस काढते.

तुम्ही लिहिता की शिवम्मा तेव्हा लग्नाच्या वयात येत होती. बापाला हा आजार, आत्याला हा आजार, हे चार घरांत झालं असतं तर पोरीला कुणी पत्करली नसती. मला सांगितलं असतं तर ते बाहेर गेलं असतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हे तुम्ही लिहिलंय. वाचून मी हसले, खरंच हसले, आणि हसताना जबडा दुखला. माझ्या तोंडात आता तीळ नाही आणि दाढाही नाहीत. मागच्या पत्रांत लिहिलं नाही, पण त्या हलणाऱ्या दोन्ही दाढा गेल्या, आणि समोरचा एक दात डॉक्टरांनी दोऱ्यानं शेजारच्याला बांधून ठेवलाय. तो राहतो की जातो ते महिन्याभरात कळेल.

मला वाईट या गोष्टीचं वाटतं की तुम्ही माझ्याविषयी निर्णय घेतलात आणि मला त्यात धरलं नाहीत. लेक आणि बहीण यांत लेक निवडली, हे मी समजू शकते. मीही आई आहे. पण मला विचारलं असतं तर मी स्वतः गप्प बसले असते, शिवम्मासाठी. गोड सोडायला मलाही नवस बोलता आला असता. दोघं बहीणभाऊ एका पंगतीत मटकी खात बसलो असतो आणि लोकांनी आणखी कौतुक केलं असतं. एवढं सोपं होतं, अण्णा. तुम्हाला ते का सुचलं नाही, याचा मी रात्रंदिवस विचार करते. मला वाटतं, माझ्यावर तुमचा भरवसाच नव्हता, आणि माझ्या दुखण्याची तुम्हाला फारशी किंमतही नव्हती. दुसरं काही कारण असेल तर कळवा.

आता तुम्ही साखरपुड्याला बोलावता. नुसतं बोलावत नाही. होटगीचे लोक बारकाईनं बघतात, तेव्हा मी चारचौघांत एक पेढा खाऊन दाखवावा, असं लिहिता. ‘एका पेढ्यानं काही होत नाही’ असंही लिहिता. हे तुम्ही मला लिहिता.

काल डॉक्टरांनी मला आरशात माझं तोंड दाखवलं. इंजेक्शन सुरू झाल्यापासून साखर उतरली आहे, आणि पंचमीपासून उघडा असलेला तो खड्डा खालून भरायला लागलाय. ताजं गुलाबी मांस आलंय. हिरड्यांची सूज बसलीय आणि घासताना रक्त कमी येतं. ते बघून आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. डॉक्टर घाबरले, त्यांना वाटलं दुखलं. एवढं सोपं असेल तर ही सगळी वर्षं कुणी माझ्यापासून हिरावून घेतली, हे मी त्यांना काय सांगणार?

साखरपुड्याला मी येणार नाही. माझी तब्येत बरी नाही असं सांगा. तेवढं तरी खरं असेल.

शिवम्माची तपासणी करून घ्या. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. तुम्ही केली नाहीत तर मी अक्कलकोटला येऊन तिला घेऊन जाईन.

शरणम्मा


२३ जानेवारी १९७७

अण्णा,

हे पत्र शांतपणे वाचा. वहिनींनाही वाचून दाखवा.

सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आल्या होत्या तेव्हा शिवम्माची होणारी सासू मल्लव्वा माझ्या घरी आल्या. आधी निरोप नाही, काही नाही. पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “पोरीच्या आत्याला बघायचं हुतं. साखरपुड्याला आला न्हाईत तुमी.” मी चहा टाकला. त्यांच्या कपात साखर घातली, माझ्या कपात नाही. त्यांची नजर तिथेच होती.

“तुमी बिनसाखरेचा पिताव?”

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. मला चहा गोड आवडत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तुमची शिवम्मा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ती माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय, अण्णा, तिचं वाईट व्हावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण मग असंही वाटलं की आज मी हे झाकलं तर उद्या त्या घरात तिला काही झाल्यावर तिनंही ते झाकायचं का? कुणाच्या इभ्रतीसाठी? मी सांगितलं, “मला मधुमेह आहे. इंजेक्शन घेते. त्यात माझ्या दाढा गेल्या.”

त्या उठून जातील असं मला वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझं तोंड उघडायला सांगून आत बघितलं, जसं बाजारात जनावराचं बघतात. मग म्हणाल्या, “आमच्या मालकास्नी पन हाच रोग हाय की. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, जखम भरंना. कुनी म्हनलं बाहेरचं हाय, कुनी म्हनलं नजर लागली. शेवटी अंगठा काढला तवा डॉक्टरनं सांगितलं, साखर हाय. आदी कळलं असतं तर अंगठा राहिला असता. आमी हे लपवत न्हाय कुनापासनं.”

मी विचारलं, “मग अण्णांना सांगितलंत का?”

“त्यांनी इचारलंच न्हाय. बैठकीत पोराचा पगार इचारला, जिमीन इचारली. दुखन्याबद्दल एक सबूद न्हाय. आमाला वाटलं, ह्यास्नी कुनाकडनं तरी कळलं असंल.”

तुम्ही का विचारलं नाहीत ते मला माहीत आहे. विचारलं असतं तर त्यांनी उलट विचारलं असतं.

म्हणजे ज्या लोकांपासून झाकण्यासाठी तुम्ही मला अंधारात ठेवलंत, त्यांच्या घरात हेच दुखणं उघड्यावर बसलंय आणि त्यांचं त्याला काही वावडं नाही. माझ्या दाढा अशा फुकट गेल्या. कुणाच्या कामाला आल्या असत्या तर मी मन मारलं असतं.

जाताना मल्लव्वांनी तुमच्याबद्दलही विचारलं. “तुमचे भाऊ पेढा हातात धरून बसलते नुसते. त्यास्नी पन हाय का?” मी म्हटलं, त्यांचं त्यांनाच विचारा. मी तुमचं नाव सांगितलं नाही आणि नवसाचं निमित्तही पुढे केलं नाही. तुमचं तोंड तुम्हीच उघडायचं आहे. येत्या रविवारी ते दोघं नवराबायको अक्कलकोटला तुमच्याकडे येणार आहेत. ते येण्याआधी शिवम्माला स्वतः सांगा. तिला तिसऱ्याकडून कळू नये, मला कळलं तसं.

वहिनी तिला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या, तुम्हाला न सांगता. रागावू नका. तिची तपासणी झाली. औषध निळं होतं ते निळंच राहिलं. तिला मी इतकंच सांगितलं की दरवर्षी तपासून घे आणि हिरडीतून रक्त आलं तर कुणी काहीही म्हणो, आधी डॉक्टरांकडे जा. ती म्हणाली, “आत्या, तुमी एवढं का घाबरताव?” मी तिला काही सांगितलं नाही. ते काम तुमचं आहे.

समोरचा दात राहिला. डॉक्टरांनी दोरा सोडला. मी पुन्हा वर्गात कविता म्हणते, पदर न धरता.

लग्नाला मी येईन, काळजी करू नका. शिवम्माची आत्या म्हणून जे मानाचं असेल ते सगळं करीन, हसून करीन. मांडवाच्या दारात तुम्ही उभे असाल, तेव्हा पाहुण्यांच्या देखत खाली वाकून तुमच्या पाया पडेन. तुम्ही नेहमीसारखा माझ्या डोक्यावर हात ठेवा. लोकांना दिसायला हवं ते सगळं दिसेल. मांडव उतरल्यावर मात्र मला भेटायला येऊ नका.

शरणम्मा